आसियानचे अहस्तक्षेप तत्त्व आणि म्यानमारमधील लोकशाहीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉक येथे इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स, सिंगापूर व थायलंड या पाच राष्ट्रांनी आसियान या संघटनेची स्थापना केली. प्रादेशिक सहकार्याचा एक यशस्वी प्रयोग म्हणून तिचा उल्लेख केला जातो. मात्र सदस्य राष्ट्रातील लोकशाही पायदळी तुडवली गेल्यास या संघटनेने काय करावे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. प्रस्तुत लेखात म्यानमारच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अहस्तक्षेप तत्त्वाची पार्श्वभूमी :
१९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशियाने मलेशियाविरुद्ध संघर्षाचे धोरण राबविले होते. साबा प्रांतावरून फिलिपाइन्स व मलेशिया यांच्यात वाद होता, तर सिंगापूर १९६५ मध्येच मलेशियापासून विभक्त झाले होते. अशा स्थितीत परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे ही सहकार्याची पूर्वअटच होती. १९७६ च्या बाली येथील मैत्री व सहकार्य कराराने या तत्त्वाला औपचारिक रूप दिले. त्या वेळी इंडोनेशियात सुहार्तो यांची राजवट होती आणि फिलिपाइन्समध्ये १९७२ पासून लष्करी कायदा लागू होता. त्यामुळे लोकशाही ही सदस्यत्वाची अट होणे शक्यच नव्हते.

म्यानमारचा प्रवेश :
म्यानमारमधील १९९० च्या निवडणुकीत आंग सान सू की यांच्या पक्षाला मोठे बहुमत मिळाले, परंतु लष्कराने सत्ता सोडली नाही. तरीही जुलै १९९७ मध्ये म्यानमारला सदस्यत्व देण्यात आले. त्याच महिन्यात कंबोडियात हुन सेन यांनी बळाने सत्ता हस्तगत केल्यामुळे त्या देशाचा प्रवेश मात्र पुढे ढकलण्यात आला. अहस्तक्षेपाचे तत्त्व निरपवाद नव्हते, हे यावरून दिसते. १९९८ मध्ये थायलंडचे परराष्ट्रमंत्री सुरिन पित्सुवान यांनी या तत्त्वात लवचिकता आणण्याचा प्रस्ताव मांडला. फिलिपाइन्सचा अपवाद वगळता त्यास पाठिंबा मिळाला नाही.

अध्यक्षपदाचा प्रश्न :
आसियानचे अध्यक्षपद इंग्रजी वर्णानुक्रमे फिरते. २००६ मध्ये ते म्यानमारकडे येणार होते. अमेरिका व युरोपीय संघ बैठकांवर बहिष्कार टाकतील, अशी चिन्हे दिसू लागली. जुलै २००५ मध्ये व्हिएन्टिएन येथे म्यानमारने आपली पाळी सोडल्याचे जाहीर झाले. औपचारिकदृष्ट्या हा त्या देशाचाच निर्णय होता. त्यामुळे तत्त्वही अबाधित राहिले आणि संघटनेची अडचणही टळली. देशात सुधारणांना प्रारंभ झाल्यावर नोव्हेंबर २०११ मध्ये बाली येथील परिषदेत २०१४ चे अध्यक्षपद म्यानमारला देण्याचे ठरले. मात्र या सुधारणा लष्करानेच घडविलेल्या २००८ च्या राज्यघटनेच्या चौकटीत झाल्या. तीत संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्करासाठी राखीव होत्या.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता ताब्यात घेतली. २४ एप्रिल रोजी जकार्ता येथे हिंसाचार थांबविणे, सर्व पक्षांत संवाद, विशेष दूताची मध्यस्थी, मानवतावादी मदत व दूताची म्यानमार भेट या पाच मुद्द्यांवर सहमती झाली. लष्कराने तिचे पालन न केल्याने ऑक्टोबर २०२१ च्या शिखर परिषदेपासून मिन आंग ह्लाइंग यांना दूर ठेवण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये म्यानमारचे २०२६ चे अध्यक्षपद फिलिपाइन्सला देण्याचा निर्णय झाला.

सनदेतील विसंगती :
नोव्हेंबर २००७ मध्ये स्वाक्षरी झालेली व डिसेंबर २००८ पासून अमलात आलेली आसियानची सनद लोकशाही, कायद्याचे राज्य व मानवी हक्क यांचा पुरस्कार करते. तीच सनद अहस्तक्षेपाचाही उद्घोष करते. निर्णय सहमतीने घ्यावयाचे असून सदस्यत्व निलंबित करण्याची तरतूद तीत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, आसियानने म्यानमारच्या राजवटीवर नव्हे, तर संघटनेतील तिच्या मानावर मर्यादा घातल्या. संघटनेची आंतरराष्ट्रीय विश्वासार्हता धोक्यात आली, तेव्हाच असे घडले. ज्या तत्त्वाने १९६७ मध्ये शेजाऱ्यांना युद्धापासून परावृत्त केले, त्याच तत्त्वाने पुढे नागरिकांवरील दडपशाहीला आडोसा दिला. राष्ट्रांमधील शांतता टिकविणारी संघटना राष्ट्रांच्या आतील नागरिकांनाही आधार देऊ शकेल काय, यावरच आग्नेय आशियातील प्रादेशिक सहकार्याचे ऐतिहासिक मूल्यमापन अवलंबून राहील.