भिंतीपलीकडचा निरोप

शाळेत वर्गावर्गांत भिंती असतात, म्हणून एका वर्गाची गडबड दुसऱ्यात जात नाही. पण उद्या सुट्टी आहे, ही बातमी मात्र सर्वांपर्यंत पोचावी लागते. संगणकातही हाच पेच आहे. त्यात चालू असलेल्या प्रत्येक कामाला, म्हणजे प्रोसेसला, स्वतंत्र स्मृती दिलेली असते. त्यामुळे एक प्रोसेस कोलमडली तरी दुसरी टिकते. मग त्यांनी एकमेकींना निरोप द्यायचा कसा?

बागेतल्या नळीला नळी जोडावी तशा आज्ञावली जोडता याव्यात, अशी कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये 'पाइप' म्हणून प्रत्यक्षात आणली. १९८३ च्या बीएसडी युनिक्समधील 'सॉकेट'मुळे वेगवेगळ्या यंत्रांवरील प्रोसेसही बोलू लागल्या.

१९९३ मध्ये वेबसाठी 'सीजीआय' पद्धत आली. दर मागणीला नवी प्रोसेस जन्मायची आणि उत्तर देऊन संपायची. तिने निरोप ठेवायचा तो फाईलमध्ये. तो मिळवायला ब्राउझरने 'नवीन काही आहे का?' असे विचारत राहायचे. हजार जणांनी दर पाच सेकंदांनी विचारले, तर काहीच घडलेले नसताना सेकंदाला दोनशे मागण्या!

२०११ मध्ये 'वेबसॉकेट' प्रमाणित झाले आणि जोडणी उघडी ठेवता येऊ लागली. तरी एक अडचण उरली. समजा, मीना पहिल्या प्रोसेसशी जोडलेली आहे आणि सलमा दुसऱ्या. मीनाचा संदेश दुसऱ्या प्रोसेसला कळणार कसा? त्यासाठी मध्यस्थ नेमतात. २००९ मध्ये इटलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी प्रसिद्ध केलेली 'रेडिस' ही आज्ञावली अशा कामी फार वापरली जाते. प्रत्येक प्रोसेस तिच्याकडे आपल्याला हव्या त्या विषयाची नोंद करते. त्या विषयावर कोणी काही पाठवले, की नोंद केलेल्या सर्वांना ते मिळते. ऐकणारे कोण, हे पाठवणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसते.

मात्र त्या क्षणी जी प्रोसेस बंद असेल, तिचा निरोप हुकतो. शाळेच्या घंटेचेही तसेच असते. म्हणून २०१८ मध्ये रेडिसमध्ये 'स्ट्रीम' आले. त्यात निरोप क्रमाने नोंदलेले राहतात. ही झाली शिपाई वर्गावर्गांत फिरवतो ती सूचना वही. उशिरा आलेल्यालाही ती वाचता येते.

क्रिकेटचा एक धावफलक हुकला तरी पुढचा येतो. पैसे जमा झाल्याचा निरोप हुकून कसे चालेल? कोणत्या बातमीला घंटा पुरते आणि कोणतीला वही हवी, याची यादी आपण विद्यार्थ्यांकडूनच करून घेऊ या.