दुष्काळ, आहार आणि स्त्रीची प्रजननक्षमता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दुष्काळाचा इतिहास प्रामुख्याने मृत्यूंच्या आकड्यांतून लिहिला गेला आहे. अन्नाच्या अभावी किती माणसे दगावली याची नोंद इतिहासकार घेतात. परंतु जी मुले गर्भात आलीच नाहीत त्यांचा विचार क्वचितच होतो. वास्तविक दुष्काळाचा पहिला आघात अनेकदा स्त्रीच्या प्रजननक्षमतेवर होतो. मूल न होण्याचा दोष मात्र समाजाने परंपरेने स्त्रीवर, तिच्या नशिबावर वा पूर्वकर्मावर ठेवला. आहार आणि गर्भधारणा यांच्या संबंधाविषयी इतिहासातून कोणते पुरावे मिळतात, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

प्राचीन भारतीय विचार

हा संबंध भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक आवश्यक मानले आहेत. यातील अंबू म्हणजे आहारापासून निर्माण होणारा पोषक रस. शेतीतील पेरणीशी साधर्म्य दाखवणारी ही मांडणी आहे : बीज व भूमी उत्तम असली तरी पाण्यावाचून अंकुर फुटत नाही. चरकसंहितेतही स्त्रीरोगांच्या कारणांत चुकीच्या आहारविहाराचा समावेश आहे. अर्थात ही निरीक्षणे व्यक्तीच्या उपचारापुरती होती. संपूर्ण समाजाच्या जननदरावर अन्नाचा काय परिणाम होतो, हे कळण्यासाठी जन्ममृत्यूच्या नोंदी उपलब्ध व्हाव्या लागल्या.

युरोपातील पुरावे

फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रुआ लादुरी यांनी १९६९ मध्ये दुष्काळातील रजोरोधावर, म्हणजे उपासमारीमुळे मासिक पाळी थांबण्यावर, लेख प्रसिद्ध केला. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये धान्याचे भाव कडाडले की चर्चच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्यांची संख्या घटत असे. विवाह लांबणीवर पडणे, पतिपत्नींचा विरह अशी कारणे त्यामागे असणारच; परंतु त्यांच्या जोडीला शारीरिक कारणही असावे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९४२ मध्ये वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्येही जन्मांची संख्या झपाट्याने घसरली होती व रजोरोध सर्रास आढळला होता.

या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश टाकणारे उदाहरण हॉलंडचे आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला. त्याचा बदला म्हणून जर्मन सत्तेने पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक रोखली. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांत माणशी दैनिक शिधा नोव्हेंबरअखेर एक हजार कॅलरींच्या खाली गेला व पुढे त्याहूनही घटला. मे १९४५ मध्ये मुक्तता होताच पुरवठा सुधारला. दुष्काळाचा आरंभ व शेवट इतका स्पष्ट असल्याने आणि रेशनच्या व जन्माच्या नोंदी शाबूत असल्याने अभ्यासकांना जणू इतिहासाने घडवलेला प्रयोगच हाती आला. झेना स्टाइन व मर्विन सुसर यांनी १९७५ मध्ये दाखवले की उपासमारीच्या सुमारे नऊ महिन्यांनंतर जन्मसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली आणि शिधा वाढताच गर्भधारणाही पूर्ववत होऊ लागली. शिधा सुमारे १,५०० कॅलरींच्या खाली गेल्यावरच हा संबंध ठळक होत होता. श्रमिक वर्गातील घट इतरांपेक्षा अधिक होती, ही बाबही लक्षणीय आहे. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात, ज्या घरी अन्न मिळवण्याची ऐपत कमी त्या घरी पाळणाही कमी हलला.

महाराष्ट्र व वऱ्हाडातील दुष्काळ

१८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा हे जिल्हे होरपळले. खर्चकपातीसाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये मदतकामावरील मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर थोडी रोकड इतकी खाली आणली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणाला विरोध केला. पुणे सार्वजनिक सभेनेही त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम ज्वारीतून साधारण १,६०० कॅलरी मिळतात. डच अभ्यासातील मर्यादेच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. फरक इतकाच की येथील स्त्री त्यावर दिवसभर खडी फोडत वा माती वाहत होती आणि मिळालेल्या धान्यातून मुलांनाही भरवत होती. प्रजननावर परिणाम करतो तो केवळ खाल्लेल्या अन्नाचा नव्हे, तर अन्न व श्रम यांच्या ताळेबंदाचा. त्या दृष्टीने या मजुरीचे मूल्यमापन करणे उचित ठरते.

वऱ्हाडच्या जन्ममृत्यू नोंदींचा टिम डायसन यांनी विशेष अभ्यास केला. भारतीय दुष्काळांविषयीच्या १९९१ मधील लेखांत त्यांनी दाखवले की गर्भधारणांतील घट मृत्युदर शिगेला पोहोचण्यापूर्वीच सुरू होते. अरूप महारत्न यांनी १९९६ मधील ग्रंथात हा अभ्यास पुढे नेला. या निरीक्षणाचा अर्थ गंभीर आहे. मृत्यूंची नोंद होण्याआधीच दुष्काळ स्त्रीच्या शरीरात उतरलेला असतो. मात्र भारतीय घट सर्वस्वी कुपोषणाची मानता येत नाही. कामासाठी पुरुषांचे स्थलांतर, लांबलेले विवाह व संकटकाळी पाळलेला संयम यांचाही त्यात वाटा होता.

वैज्ञानिक वाद

रोझ फ्रिश व जेनेट मॅकआर्थर यांनी १९७४ मध्ये असे प्रतिपादन केले की मासिक पाळी सुरू होण्यास व टिकण्यास शरीरात किमान चरबी लागते. जॉन बोंगार्ट्स यांनी १९८० मध्ये त्यास मर्यादा दाखवली : तीव्र उपासमारीने जननक्षमता निश्चित घटते, परंतु दीर्घकालीन मध्यम कुपोषणाचा तिच्यावरील परिणाम अल्प असतो. गरीब समाजांत जन्मदर उच्च का राहतो, याचे उत्तर यात मिळते. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर यंत्रणा अधिक स्पष्ट झाली. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन मेंदूला ऊर्जासाठ्याची वर्दी देते; साठा घटल्यास अधश्चेतकाकडून बीजग्रंथींना मिळणारे संकेत मंदावतात व बीजोत्सर्ग थांबतो. याउलट अतिरिक्त वजनानेही बीजोत्सर्गात अडथळा येऊ शकतो.

गर्भ राहण्याइतकाच तो सुखरूप वाढण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे, आणि या संशोधनात मुंबईचे स्थान मानाचे आहे. १९२८ नंतर डॉ. ल्युसी विल्स यांनी येथील गिरणी कामगार गरोदर स्त्रियांतील गंभीर पांडुरोगाचा अभ्यास केला. तो जंतुसंसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा परिणाम आहे आणि यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. गर्भधारणेपूर्वीच फॉलिक आम्ल घेतल्यास अर्भकातील मज्जारज्जूचे जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, तीव्र अन्नटंचाईत प्रजननक्षमता घटते व पुरेसे अन्न मिळताच ती बहुधा परत येते. म्हणजेच ही घट स्त्रीचा दोष नसून शरीराने स्वीकारलेला तात्पुरता बचाव आहे. दुसरी, उच्च जन्मदर हा सुपोषणाचा पुरावा नव्हे. कुपोषित स्त्रीही गर्भवती होते, पण त्याची किंमत ती व तिचे मूल मोजतात. तिसरी, आहाराचा प्रश्न ताटापुरता नाही. मजुरीचा दर, श्रमाचा भार आणि घरात सर्वांत शेवटी जेवण्याची रूढी यांचा तो एकत्रित परिणाम आहे. म्हणून दुष्काळाच्या इतिहासलेखनात मृत्यूच्या नोंदवहीशेजारी जन्माची नोंदवहीही उघडणे आवश्यक आहे. मजुरीच्या धोरणाने स्त्रीच्या शरीरावर काय लादले, हे त्या वहीतील रिकाम्या जागाच सांगू शकतात.