रोख्यापासून कार्डापर्यंत : बक्षीस कोणाला, व्याज कोणाला?



आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. मंचरला किंवा घोडेगावला बाजाराला गेलं की कुणीतरी गाठतं, नाहीतर घरी फोन येतो, "ताई, क्रेडिट कार्ड घ्या. जेवढी खरेदी तेवढे पॉइंट, आणि पॉइंटांवर बक्षीस." घ्यावं का हे कार्ड? उत्तर शोधायला आज आपण दीडशे वर्षं मागे जाऊ. उधारी आपल्या डोंगराला नवी नाही.

1873 साली आपल्याच आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे होनाजी केंगले सावकारांविरुद्ध उठले. इंग्रजांच्या दप्तरात त्यांचं नाव 'होन्या' असं लिहिलेलं आहे. त्यांना पकडण्यासाठी सरकारने बक्षीस लावलं, आणि 1876 मध्ये ते पकडले गेले. त्याच काळात, 12 मे 1875 रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि ते जाळून टाकले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं.

शेतकऱ्यांचा एवढा राग त्या कागदांवर का होता? 1859 च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरली होती. व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायचे आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचे. मग त्या व्याजावरही व्याज. पुढे चौकशी आयोग बसला. त्याच्यासमोर आलेल्या एका प्रकरणात 100 रुपयांच्या कर्जावर 2000 रुपयांहून जास्त व्याज लावलेलं निघालं. घेणाऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठा त्याचा, पण आकडा सावकाराचा.

म्हणून 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. नुसता रोखा पाहून निकाल न देता आधीचा सगळा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. पैसे भरले की पावती मागायचा आणि हिशेब मागायचा हक्क कर्जदाराला मिळाला. हिशेब बघायचा हक्क, ही त्या लढ्याची खरी कमाई.

आता कार्डाकडे येऊ. भारतात क्रेडिट कार्ड 1980 च्या सुमारास आलं. ते आधी शहरात राहिलं, आता गावात पोचलंय. त्याचा व्यवहार असा. आज वस्तू घ्यायची, महिन्याचं बिल येतं, आणि ठरलेल्या तारखेला पैसे भरायचे. त्या तारखेपर्यंत पूर्ण रक्कम भरली तर व्याज शून्य. बिलावर मात्र दोन आकडे असतात, 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम'. किमान रक्कम बहुधा बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. तेवढीच भरली की उरलेल्यावर महिन्याला शेकडा तीन ते पावणेचार रुपये व्याज लागतं, तेही खरेदीच्या दिवसापासून. त्या महिन्यातल्या नव्या खरेदीलाही मग बिनव्याजी मुदत मिळत नाही. तीन वर्षांनी बदलायचा तो रोखा आता दर महिन्याला बदलतो, एवढाच फरक.

एक हिशेब मांडू. समजा, 10,000 रुपयांचा किराणा आणि भांडी घेतली. शंभराला एक रुपया धरला तर बक्षीस 100 रुपये. पण बिलाला फक्त 500 रुपये भरले, आणि व्याज शेकडा साडेतीन असेल, तर महिन्याला सुमारे 350 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 63 रुपये. मिळाले शंभर, गेले चारशे तेरा. आपल्या बऱ्याच गटांत अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये व्याज असतं, आणि तेही गटाच्याच पेटीत राहतं.

मग कार्ड घ्यायचंच नाही का? तसं नाही. दर महिन्याला पूर्ण बिल भरता येत असेल तर घ्यावं. घेताना हे विचारावं. वर्षाची फी किती? एका पॉइंटाचे पैसे किती, आणि तो किती दिवसांत बाद होतो? आपण किराणा, बियाणं, गॅस घेतो, त्यावर पॉइंट मिळतात का? मिळकतीचा पुरावा नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड असतं, त्याची चौकशी करावी. कार्डावर एटीएममधून रोख काढू नये. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि फी वेगळी. ओटीपी कुणालाही सांगू नये.

रिझर्व्ह बँकेचे नियमही आपल्या बाजूला आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. विचारल्याशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. बाकी काही नसेल आणि कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो.

आणि शेतीसाठी पैसा हवा असेल तर आधी किसान क्रेडिट कार्ड बघा. ते 1998 पासून आहे. त्यावरचं पीककर्ज मुदतीत फेडलं की व्याजात सवलत मिळते. वेळेवर फेडणाऱ्याला खरं बक्षीस ते. सातबाऱ्यावर आपलं नाव असेल तर ते सोपं जातं, म्हणून तेही घरात बोलायला घ्या.

आपल्या पूर्वजांना वही वाचता येत नव्हती, म्हणून ती जाळावी लागली. आपल्याला वाचता येते. ज्या मैत्रिणीकडे कार्ड आहे तिने पुढच्या बैठकीला बिल आणावं. सगळ्याजणी मिळून दोन्ही आकडे मोठ्याने वाचू.