दौलतीपासून नगरपालिकेपर्यंत: चिटणवीस घराण्याचा मागोवा

कन्हान नदीकाठचे खापा हे कोष्ट्यांच्या हातमागांचे गाव. तिथे १८६७ साली नगरपालिका आली. नागपुरात ती १८६४ मध्येच स्थापन झाली होती. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि निवडून आलेल्या लोकांच्या हाती गावाचा कारभार जाण्याची वाट मोकळी झाली. या वाटेवर नागपूरकडून पुढे आलेले मोठे नाव म्हणजे गंगाधर माधव चिटणवीस (१८६३–१९२९).

हे घराणे मूळचे नागपूरचे नव्हे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतले त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या पदरी आले आणि दरबाराचा पत्रव्यवहार सांभाळू लागले. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि दरबारी चाकरीचा आधार गेला. घराण्याने मात्र नव्या राज्यात जागा मिळवली. गंगाधररावांनी मुंबईत शिक्षण घेतले, नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले आणि १८९० च्या दशकात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मध्य प्रांताची बाजू मांडली. १९२१ मध्ये ते मध्य प्रांत कायदेमंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. बंधू शंकरराव सरकारी सेवेत डेप्युटी कमिशनर झाले. नागपूरच्या महाल भागातला वाडा आजही या घराण्याच्या नावाने ओळखला जातो.

घराण्यांचा मागोवा विणकरांच्या बाबतीतही घेता येतो, हे परदेशातल्या एका उदाहरणावरून दिसते. फ्रान्समध्ये १६८५ साली प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य संपले, तेव्हा ह्यूगनॉट कुटुंबे परागंदा झाली. त्यांतले बरेच विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये स्थिरावले. पुढे ह्यूगनॉटांच्या वंशजांतून सॅम्युएल रोमिलीसारखे संसदपटू निघाले. १८८५ मध्ये ह्यूगनॉट सोसायटी उभी राहिली आणि तिने चर्चची दप्तरे छापून विणकरांच्याही वंशावळी जपल्या.

आपल्याकडे मात्र चिटणविसांसारख्या लेखणी चालवणाऱ्यांची वंशावळ टिकली, कारण कागद त्यांच्याच घरात होता. खाप्याच्या मागावर लुगडी विणणाऱ्यांचे हात १८७७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलशी झगडले. त्यांचाही इतिहास तेवढाच मोलाचा आहे. खाप्यातल्या ज्या घरांत जुन्या खातेवह्या, लग्नाच्या याद्या, नगरपालिकेच्या पावत्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पिढ्यांची नावे आजच लिहून घ्यावीत.