तैलचित्रातील चेहरा

आपल्या मंडळाच्या चित्रकला वर्गात नव्या भगिनी मला हमखास विचारतात, "बाई, अंगाच्या रंगाची नळी कोणती?" तशी नळी बाजारात मिळतेही, पण तिने कोणाचाच चेहरा रंगत नाही. कातडीचा रंग हा अनेक रंगांचा मेळ असतो. ही विद्या कशी वाढली, हे येथे थोडक्यात सांगते.

पंधराव्या शतकात फ्लँडर्समधील यान व्हान आयक याने तेलात कालवलेल्या रंगाचे पातळ थर एकावर एक चढवले. उजेड वरच्या थरांतून आत शिरतो व खालून परततो. आपल्या कातडीतही तसेच घडते. म्हणून तैलरंगातला चेहरा सजीव वाटतो.

आपल्याकडे राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी ही विद्या कोणत्याही कलाशाळेत न जाता मिळवली. १८६८ साली त्रावणकोर दरबारी आलेले थिओडोर जेन्सन काम करीत असता त्यांनी ते नुसते पाहून आत्मसात केले.

स्त्रिया चित्रांत फार पूर्वी आल्या, चित्रशाळेत मात्र मागाहून. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या १७६८ सालच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन व मेरी मोझर या दोघी होत्या. पण विवस्त्र पुरुषासमोर स्त्रियांनी बसणे अनुचित मानीत. म्हणून झोफनीने सभासदांचे चित्र काढले तेव्हा या दोघी केवळ भिंतीवरच्या तसबिरी म्हणून दाखवल्या! मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ साली निघाले. तेथे पुढे अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) शिकल्या आणि अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनी १९३१ साली पदविका मिळवली. दोघींचेही वडील नामांकित चित्रकार होते. ज्यांच्या घरी असे वडील नव्हते, त्या मुलींची वाट किती बिकट असेल!

आता थोडे प्रत्यक्ष कामाविषयी. गव्हाळ चेहऱ्यासाठी मी यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा पांढरा व किंचित निळा घेते. कपाळ पिवळसर, गाल व नाक तांबूस, हनुवटीखाली हिरवट झाक. सावळ्या चेहऱ्यात पांढरा फार मिसळला की तो राखेसारखा दिसतो. तेथे पिवळ्या-तांबड्यानेच उजेड आणावा.

लग्नाच्या बोलण्यात गोरी, निमगोरी किंवा सावळी एवढ्यावर मुलीची पारख होते. त्याच मुलीला खिडकीशी बसवून तासभर रंगवून पाहा. तिच्या एका गालावर किती रंग आहेत, हे मोजताना यांतला एकही शब्द आठवणार नाही.