घाटात दगावलेल्या पूर्वजाची कबर कशी शोधावी?

मुंबई-पुणे लोहमार्गावरील भोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पूर्ण झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या या चढणीवर २५ बोगदे खोदण्यात आले. काम ऐन भरात असताना तेथे ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. सुरुंग उडवताना, दोराला लोंबकळत कड्यात भोके पाडताना अनेक जण मेले. त्याहून अधिक कॉलऱ्याने नेले. त्यांच्यापैकी कोणाचा तरी वंशज आज कबरीच्या शोधात निघाला, तर त्याला काय सापडते?

हे पूर्वज कोण होते, यावर उत्तर अवलंबून आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने किंवा तिच्या ठेकेदाराने विलायतेहून आणलेला गवंडी वा देखरेख्या असेल, तर वाट बरीच सोपी. ख्रिस्ती धर्मगुरूंनी ठेवलेल्या दफन-नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत; मुंबई इलाख्याच्या मालिकेचा क्रमांक ‘एन/३’. नाव, वय, व्यवसाय, मृत्यूची व दफनाची तारीख आणि पुष्कळदा मृत्यूचे कारणही तेथे मिळते. मात्र नोंद पुण्याच्या धर्मगुरूच्या वहीत आहे म्हणून कबर पुण्यात असेलच, असे नाही. आपल्याकडील उन्हात प्रेत फार दूर नेणे शक्य नसे; दफन त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उरकावे लागे. म्हणून दोन तारखांमधील अंतर आधी पाहावे आणि शोध मृत्यूच्या ठिकाणापासून सुरू करावा. थडग्यांवरील मजकुराच्या याद्या ‘बाक्सा’ (स्थापना १९७६) आणि ‘फिबिस’ (स्थापना १९९८) या ब्रिटिश संस्थांनी जमवल्या आहेत. अर्थात दगडी थडगे बांधण्याची ऐपत सर्वांची नव्हती, आणि लाकडी क्रूस घाटातल्या पावसात किती टिकणार?

पूर्वज देशी मजूर असेल तर मात्र वाट खुंटते. मजुरांना टोळीने कामावर घेतले जाई आणि मजुरीचा व्यवहार मुकादमामार्फत होई; कंपनीला एकेकाच्या नावाशी कर्तव्य नव्हते. हिंदूंमध्ये दहनाचा प्रघात असल्याने बहुतेकांची कबर नाहीच, आणि साथीत कोणाला कोठे पुरले याचा हिशेब कोण ठेवणार? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कुटुंबाचा माग लागू शकतो, पण श्राद्धासाठी तेथवर जाण्याची ऐपत असलेल्यांचाच.

उरते ते मुंबईच्या फोर्ट भागातील पुराभिलेखागार. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वेविषयक दप्तरांत ठेकेदारांशी झालेला पत्रव्यवहार आहे, थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये उसळलेल्या दंग्याचा मागही तेथेच काढावा लागतो. शोधणाऱ्याने गावाचे, निदान मुकादमाचे नाव हाताशी ठेवून ही दप्तरे उघडावीत. मृत मजुरांचा उल्लेख बहुधा आकड्यातच भेटतो.