एटीन-सिक्स-फिफ्टीची कुळकथा

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बोटाएवढी पोलादी नळकांडी ओळीने बसलेली असतात. त्यांचं नाव १८६५०. दुरुस्तीवाले म्हणतात ‘एटीन-सिक्स-फिफ्टी’. नावातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य सांगतं की आकार गोल.

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणले ते व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी. पुढे लॅपटॉपमुळे १८६५० हे माप जगभर पोचलं. मोटार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. लॅपटॉप टेबलावर बसतो; मोटारीला खड्डे, ऊन, थंडी सोसत वर्षानुवर्षं धावायचं असतं.

तरी २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीने आपल्या ‘टीझीरो’ या विजेवरच्या गाडीतल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या काढून असे सुमारे ६,८०० सेल बसवले. प्रचंड संख्येने बनत असल्याने ते स्वस्त होते, आणि वजनाच्या मानाने त्यांत वीज भरपूर मावत होती. मार्टिन एबरहार्ड या गाडीने भारावले. त्याच वर्षी मार्क टार्पेनिंग यांच्यासोबत त्यांनी टेस्ला सुरू केली.

जुलै २००६ मध्ये टेस्लाची रोडस्टर लोकांसमोर आली. महिनाही उलटला नाही तोच डेलने ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. सेल सोनीचे होते. बनवताना आत राहिलेल्या धातूच्या कणांमुळे शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. म्हणजे नावाजलेल्या कारखान्यातला सेलही पेटू शकत होता, आणि रोडस्टरमध्ये तसे ६,८३१ सेल होते!

रोडस्टरच्या अभियंत्यांचं मोठेपण इथे दिसतं. सेल कधीतरी बिघडणार, हे त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं. शेजारचा कसा वाचवायचा, यावर त्यांनी डोकं चालवलं. ६९ सेलांचा एक गट, असे ९ गट मिळून एक संच, असे ११ संच. प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र फ्यूज. मधून पाणी आणि ग्लायकॉलचं कूलंट खेळवणाऱ्या नळ्या. सेलच्या आतही दाब वाढताच प्रवाह तोडणारी सोय होतीच. लहान आकारही कामी आला: एका सेलमध्ये जेमतेम ८ वॉट-तास ऊर्जा, त्यामुळे एक पेटला तरी आगीला खाद्य थोडंच.

भारतात हा प्रश्न २०२२ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर आला. ई-स्कूटर पेटल्या, माणसं दगावली. त्यानंतर अशा गाड्यांच्या बॅटरी-सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. या मानकांच्या समितीचं सचिवालय पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे आहे. आज अनेक स्कूटरांत १८६५० चं थोरलं भावंड, २१७००, बसतं. बॅटरी मंजूर होण्याआधी आता हेही तपासलं जातं की एका सेलमध्ये शॉर्ट सर्किट झालं, तर आग शेजारच्या सेलांत पसरते का.